बॉल कुठं हाय, वसू?

तीन वर्षांपूर्वी, जुलैमधल्या एका गुरुवारी, सकाळी सव्वासात वाजता, रणजितनं विचारलं, "वसू, लाइट गेली काय?"

लाइट होती. ऊन टेबलावर आलं होतं. मी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि हॉस्पिटलला फोन लावला.

आता ऑगस्ट आहे. रणजितला जाऊन दीड वर्ष झालं. कालव्याच्या काठानं ब्लॅकबेरी काळ्या पडू लागल्या आहेत, कचऱ्याच्या डब्यांभोवती गांधीलमाश्या घोंघावतात, संध्याकाळ रोज दोन मिनिटांनी आखडते आहे. इंग्लंडमधल्या बऱ्याच माणसांचं वर्ष ऑगस्टात सुरू होतं, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली. शनिवारी दुपारी हिरवे शर्ट घातलेले लोक आमच्या गल्लीच्या टोकावरून मैदानाकडे चालत जाताना दिसू लागले, की नवा सीझन आला. पूर्वी मी तेव्हा खिडकी लावून घ्यायची.

त्या फुटबॉल क्लबचं नाव लिहीत नाही. फार मोठा क्लब नव्हे तो. इथे दर वर्षी सर्वांत वरच्या विभागातले तळाचे तीन क्लब खाली जातात आणि खालचे तीन वर येतात. आमचा क्लब खालीच असायचा. वरच्या विभागात तो शेवटचा कधी होता, हे मैदानात आमच्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या टेरीला आठवायचं, पण तेव्हा टेरीचं लग्न व्हायचं होतं. रणजित तिथे सतरा वर्षं एकटा जात होता. ब्रिस्टलची नोकरी सोडून आम्ही या गावात आलो, त्याच वर्षी त्यानं सीझन तिकीट काढलं. मी म्हटलं, इथे आपलं कोण आहे की तू लगेच त्यांचा झालास? तो म्हणाला, "कोल्हापूरच्या माणसाला पेठेचा संघ लागतोच. पेठ बदलली एवढंच."

मग एका मे महिन्यात क्लब वर आला. रणजितचा डावा डोळा तोवर मधुमेहानं नेला होता. वर येण्याचा तो सामना त्यानं उजव्या डोळ्यानं बघितला. घरी आला तेव्हा घसा बसलेला होता आणि कोटाच्या खिशात मैदानातल्या गवताचा पुंजका होता. लोक आत घुसले होते, त्यांच्यात हाही घुसला होता. छप्पन्न वर्षांचा, विमानांचे सुटे भाग तपासणाऱ्या कारखान्यातला सीनियर इन्स्पेक्टर. दोन महिन्यांनी, त्या गुरुवारी, उजव्या डोळ्यामागचा पडदा सुटला.

डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं केली. उजेड आहे की अंधार एवढं त्याला कळायचं, आणि अगदी कडेला काही हललं तर तेवढं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, तिकीट परत कर. सहज म्हणाला, जुना पेपर रद्दीत टाक म्हणावं तसं. मी क्लबच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की परत कशाला करता, दृष्टी नसलेल्यांसाठी कानात लावायचं यंत्र मिळतं, त्यावर आमचा माणूस खेळ सांगत असतो. आणि सोबत येणाऱ्याला शेजारची सीट फुकट मिळते. मी तिथल्या तिथे माझं नाव दिलं. मला फुटबॉलची ओढ नव्हती. शनिवारी दुपारी तीन वाजता रणजित कोचावर भिंतीकडे तोंड करून बसलेला असेल आणि मी शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत असेन, हे चित्र मला दिसलं होतं, आणि तसं एकदा सुरू झालं की ते थांबणार नाही हेही कळत होतं.

माझ्या तिकिटावर 'केअरर', म्हणजे सांभाळणारी, असं छापून आलं. रणजितला वाचून दाखवलं तर म्हणाला, "फुकटात घुसलीस की."

मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कॅटलॉगिंग करते. नवं पुस्तक आलं की ते चाळायचं, ते कशाविषयी आहे ते ठरवायचं, त्याला विषय आणि क्रमांक द्यायचा. दिवसाकाठी चार वाक्यं बोलावी लागतात, आणि मला ती पुरतात. घरात बोलणं हे रणजितचं खातं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात आमच्याकडे पाहुणे आले की ते त्याचं ऐकायचे आणि माझ्या हातचं जेवायचे.

पहिल्या मॅचला गाडी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये लावली आणि तिथून पंधरा मिनिटं चालत गेलो. त्यानं माझा दंड धरला होता. कांदे परतल्याचा वास, मांस भरलेल्या पेस्ट्रीच्या ठेल्यावरची गरम ग्रेव्ही, घोड्यावरचे पोलीस. टर्नस्टाइलच्या फिरत्या दांड्यांमधून जाताना त्याचा हात क्षणभर सुटला आणि पलीकडे त्यानं तो परत शोधला. सीटवर बसल्यावर त्यानं कानात यंत्र लावलं आणि पाच मिनिटांनी काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"चांगलं सांगतोय गडी," तो म्हणाला. "पण ह्यो कानात असला की मैदान ऐकू येत न्हाई. तू सांग."

काय सांगू, मी विचारलं.

"दिसंल ते."

मी दिसेल ते सांगू लागले. आकाशात पांढरे ढग आहेत. समोरच्या स्टँडमध्ये एका म्हाताऱ्या बाईनं हिरवी लोकरीची टोपी घातली आहे, ती बहुतेक तिनंच विणली असावी. आपल्या मॅनेजरचे बूट फार चकचकीत आहेत. रणजितनं मान तिरकी करून दहा मिनिटं हे ऐकलं. मग आजूबाजूचे सगळे एकदम उठले, ओरडले आणि हळहळत खाली बसले, तेव्हा त्यानं फार सभ्यपणे विचारलं, "बॉल कुठं हाय, वसू?"

मला चेंडू कुठे आहे हे सांगता येत नव्हतं. मी वाक्य जुळवायची, आणि ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला असायचा. डावीकडे म्हटलं तर किती डावीकडे? पुढे म्हटलं तर कुणाच्या पुढे? हाफ टाइमला त्यानं केळं सोलता सोलता तोड काढली. आपण बसलोय दक्षिणेला, तो म्हणाला. मंगळवार पेठेत बसलोय असं समज. डाव्या हाताचा गोल म्हणजे रंकाळा. उजव्या हाताचा गोल म्हणजे स्टेशन. मधोमध बिंदू चौक. समोरची बाजू म्हणजे नदी. आता सांग.

माझं माहेर नाशिकचं. कोल्हापूर मी सणावारी बघितलेलं, तेही सासूबाईंच्या मागून चालत. त्या रात्री जेवणानंतर मी कागदावर गावाचा नकाशा काढला, त्यानं ठिकाणं सांगितली, मी ती पाठ केली. परीक्षेच्या आदल्या दिवसांसारखं वाटलं. इंग्लंडच्या मधोमध असलेल्या एका गावात, ज्या मैदानावर जगभरातून आणलेले खेळाडू धावत होते, त्याच्यावर मी पुढचे नऊ महिने कोल्हापूर अंथरत होते. "बिंदू चौकात आपल्याकडे. नदीच्या अंगानं स्टेशनकडे. परत चौकात. गेला, त्यांच्याकडे गेला. रंकाळ्याकडे निघाले." रणजितचं तोंड चेंडूबरोबर वळायचं. आमच्याकडे लांबून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा माणूस सामना बघतोय आणि ही बाई त्याच्या कानाशी कसली तरी तक्रार करते आहे.

तिसऱ्या मॅचला माझ्या हातून घोळ झाला. हाफ टाइमनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगायला हवी हे रणजितला सुचलं नव्हतं. पूर्वार्धभर आपण स्टेशनकडे चढत होतो. उत्तरार्धातही चेंडूमागे डोळे लावून, तो स्टेशनकडे निघाला की मी सांगत राहिले, आपण चढतोय, त्यांच्या गोलच्या अगदी जवळ, गोलसमोर गर्दी. रणजित मुठी आवळून उभा राहिला. आजूबाजूचे सगळे जीव मुठीत धरून बसलेले, कारण तो आमचाच गोल होता. चेंडू आत गेला. सगळ्या स्टँडमध्ये एकच माणूस हात वर करून ओरडला, "नाद खुळा."

टेरी मागे वळला. टेरी हा बस ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, रुंद पाठीचा, फार न बोलणारा माणूस. तो रणजितला रॉन म्हणायचा. त्यानं मला विचारलं, रॉनची तब्येत बरी आहे ना? मी खुलासा केला, तेव्हा तो तोंडावर हात ठेवून इतका हसला की त्याचा खोकला थांबेना. पुढे महिनाभरानं त्यानं भीत भीत विचारलं, हा रंकाळा कोण आहे? तू सारखं त्याचं नाव घेतेस. खेळाडूंच्या यादीत तर दिसत नाही. रणजितनं त्याला सांगितलं की तो आमच्या गावचा तलाव आहे. टेरी थोडा वेळ विचार करून म्हणाला, आपल्या बचावफळीपेक्षा तरी बरा असेल.

सगळेच टेरीसारखे नव्हते. ऑक्टोबरमध्ये मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला की तुमच्या बायकोला गप्प बसवा, दीड तास कानाशी कटकट चालते. तो रणजितला म्हणाला, मला नाही. रणजितनं मागे न वळता उत्तर दिलं की ती गप्प बसली तर मला अंधार होतो. तो माणूस पुढच्या मॅचपासून काही बोलला नाही. त्यानं माफी मागितली असं मी लिहिलं असतं, पण मागितली नाही. एवढंच की मी चुकून खेळाडूचं नाव विसरले तर कधीकधी मागून ते ऐकू यायचं.

त्या हिवाळ्यात माझा आवाज दर पंधरा दिवसांनी बसायचा. रविवार मुकेपणात जायचा आणि सोमवारी लायब्ररीत लोक विचारायचे, सर्दी का? मी उभ्या आयुष्यात इतकं बोलले नव्हते, आणि रणजित इतका वेळ गप्प बसला नव्हता. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला असायचा. चेंडू आपल्याकडे असला की तो गुडघा हलायचा, त्यांच्याकडे गेला की थांबायचा. बाहेरगावच्या मॅच आम्ही स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकायचो. तेव्हा मला बोलायचं नसायचं; मी पुस्तक घेऊन बसायची, आणि पान उलटायचं राहून जायचं. मला माझं ते सांगण्याचं काम आठवत असायचं. सुट्टीवर असलेल्या माणसाला आठवतं तसं.

हाफ टाइमला चिवडा निघायचा. टेरीला तो आवडायचा. तो त्याला 'बॉम्बे मिक्स' म्हणायचा आणि रणजित दर वेळी त्याला न कंटाळता सांगायचा की याचा मुंबईशी काही संबंध नाही. डिसेंबरात हातमोजे घालून चिवडा खाता येत नाही. टेरी एक मोजा काढायचा, रणजित त्याच्या तळहातावर अंदाजानं मूठ रिकामी करायचा. त्यातले दाणे वेचून टेरी आधी खायचा. हे मी रणजितला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सगळी माणसं सारखीच."

क्लब हरत होता. वरच्या विभागातले संघ वेगळ्याच पैशांचे आणि वेगळ्याच वेगाचे होते. गोल मारण्यासाठी आणलेला आमचा नऊ नंबर एकवीस वर्षांचा होता, मोठ्या क्लबनं वर्षापुरता दिलेला. केस डोळ्यांवर यायचे आणि तो ते सारखे मागे सारायचा. त्यानं ऑक्टोबरपासून गोल केलेला नव्हता. लोकांनी त्याच्यावर गाणी रचली होती. ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

ख्रिसमसच्या आधीच्या शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. उजव्या डोळ्यावर आणखी ऑपरेशन करण्यात अर्थ उरलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. रणजितनं त्यांचे आभार मानले. रात्री तो भाताला हात न लावता उठला. दुसऱ्या दिवशी मॅच होती. बारीक पाऊस होता, लोकांच्या कोटांना ओल्या लोकरीचा वास येत होता. शेवटच्या दहा मिनिटांत नऊ नंबरसमोर चेंडू आला. गोलकीपर खाली पडलेला, गोल उघडा, अंतर माझ्या स्वयंपाकघराएवढं. त्यानं तो वरून बाहेर मारला. सगळं स्टँड कण्हलं. मी रणजितकडे बघितलं. तो तोंड उघडं ठेवून थांबला होता, माझ्या शब्दासाठी.

"गोलपोस्टला लागला," मी म्हटलं.

"पोस्टला?" तो म्हणाला. "आवाज आला न्हाई."

"हळू लागला."

आम्ही हरलो. गाडीत बसल्यावर सवयीनं रेडिओ लावला गेला, आणि पहिल्याच मिनिटाला तिथला माणूस सांगू लागला की असा उघडा गोल हुकवलेला त्यानं कैक वर्षांत बघितला नव्हता, लहान मुलानंही घातला असता. रणजितनं हात पुढे करून बटण चाचपलं आणि रेडिओ बंद केला. वायपरचा आवाज तेवढा राहिला. समोर राउंडअबाउटचा गोल चौक आला.

"वसू," तो म्हणाला, "माझं डोळं गेल्यात. बाकीचा मी हितंच हाय."

मी म्हटलं की कालचा दिवस तसा गेला, म्हणून मला वाटलं.

"ठावं हाय. पर मी तीस वर्षं काय केलं? तडा असंल तर तडा लिवला. ओरखडा लिवला असता तर सगळ्यास्नी बरं वाटलं असतं. तू दिसंल ते सांग. बरं वाटायचं सांगू नको. तुझंबी खोटं निघालं तर मी कुणाला विचारू?"

मी आमचं वळण चुकले आणि राउंडअबाउटला परत एक फेरी घातली. मला राग आला होता. मला वाटत होतं की दर पंधरा दिवसांनी घसा फोडून घेणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागू नये. घरी येऊन मी कोट वाळत टाकला, कुकर लावला, आणि कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत मला मान्य करावं लागलं की लेखक बिचारा आहे म्हणून मीही कधी पुस्तकाला खोटा विषय दिलेला नाही. रणजितच्या आयुष्यात खरं काय ते कळण्याचा एकच रस्ता उरला होता आणि तो माझ्या तोंडातून जात होता. त्यावर मी कापूस पसरला होता.

तिथून पुढे मी सगळं सांगू लागले. आपला कॅप्टन धावत नाही, चालतोय. लोक उठून चाललेत, अजून वीस मिनिटं आहेत. मॅनेजर बुटांकडे बघतोय. नऊ नंबरला बाहेर काढलं; तो बाकावर बसला आणि त्यानं डोक्यावरून जाकीट ओढून घेतलं. सुरुवातीला प्रत्येक वाक्य जड जायचं. मग लक्षात आलं की खरं सांगायचं ठरवलं की बघावंही नीट लागतं, आणि नीट बघितलं की नुसतं वाईट दिसत नाही. जाकिटाखालच्या त्या पोराच्या शेजारी समोरच्या संघाचा राखीव गोलकीपर व्यायाम करता करता थांबला आणि जाकिटावरूनच त्याच्या डोक्यावर दोन थापट्या मारून गेला. हे मी सांगितलं तेव्हा रणजित म्हणाला, "हे रेडिओवर सांगत न्हाईत."

वरच्या विभागात गोल झाला तरी तो लगेच धरत नाहीत. कुठल्याशा खोलीत बसलेली माणसं पडद्यावर तपासतात, आणि तोवर रेफरी कानाला बोट लावून उभा राहतो. त्या दोन-तीन मिनिटांत आमच्या स्टेडियममधल्या कुणालाच काही कळायचं नाही. हजारो माणसं मान तिरकी करून कुणीतरी सांगण्याची वाट बघत असायची. पहिल्यांदा हे मी रणजितला समजावून सांगितलं, तेव्हा तो मागे टेकून बसला, हात छातीवर बांधले. "बसू देत जरा अंधारात," म्हणाला. फार समाधानानं.

मार्चमध्ये नऊ नंबरनं गोल केला. गुडघ्याला लागून गेला, त्याला स्वतःलाही कळलं नाही. मी तेही तसंच सांगितलं, गुडघ्याला लागून गेला म्हणून. रणजित म्हणाला, "गुडघा तर गुडघा," आणि टेरीच्या रुंद पाठीवर दोन्ही हातांनी ढोल वाजवला.

एप्रिलच्या अखेरीस, आमच्याच मैदानावर, क्लब खाली गेला. ऊन होतं, थंडी होती. शिट्टी झाली आणि आवाज बंद झाला. रणजितनं विचारलं, काय चाललंय?

"आपली दोन पोरं गवतावर बसलीत," मी म्हटलं. "एक पालथा पडलाय. मॅनेजर सगळ्यांना उठवतोय."

"आणि माणसं?"

"उभी राहिलीत."

"जायला?"

मी नीट बघितलं. दारांकडे कोणी वळलेलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. आणि तेव्हा टाळ्या सुरू झाल्या, आधी नदीच्या बाजूनं, मग सगळीकडून. खेळाडू आमच्या स्टँडकडे येऊ लागले, कोणी मान वर करत नव्हतं. मी त्यांच्यातल्या प्रत्येकाचं नाव घेत गेले. रणजित उठला. मी त्याचे खांदे धरून त्याला थोडं स्टेशनकडे वळवलं, म्हणजे ते जिथे होते तिकडे त्याचं तोंड होईल. तो टाळ्या वाजवत राहिला. नऊ नंबर सगळ्यात मागे होता. मागच्या रांगेतला तो माणूस रडत होता; तेही मी सांगितलं, हळू आवाजात.

निघताना टेरीनं हात पुढे केला, मग लक्षात येऊन रणजितचा हात स्वतःच हातात घेतला. "चल रॉन, ऑगस्टमध्ये भेटू. खालच्या मजल्यावर."

रणजित त्याला इंग्रजीत म्हणाला की काही हरकत नाही, तिथलं सगळं मी बघितलेलं आहे.

तो ऑगस्ट आला. आम्ही गेलोही, दिवाळीपर्यंत. मग त्याची मूत्रपिंडं थकली आणि मागोमाग हृदय. फेब्रुवारीत, एका सोमवारी, हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर बाई आल्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि शब्द मोजलेले. औषध बदलून बघतोय, त्रास होऊ देणार नाही एवढं नक्की बघू, आठवडा कसा जातो ते पाहू. त्या आवाजातून काहीही निघत नव्हतं. त्या गेल्यावर रणजितनं माझा हात चाचपला.

"चेहरा सांग."

मला कळलं, तो काय विचारतो आहे. बरं वाटेल असं एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं.

"बोलताना त्या तुझ्याकडे बघत नव्हत्या," मी म्हटलं. "खिडकीकडे बघत होत्या. आठवडा म्हणाल्या तेव्हा पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला."

बाहेर ट्रॉलीचा आवाज येत होता.

"म्हंजे झालं," तो म्हणाला.

"मला तसं वाटतं."

"सईला बोलीव. शनिवारची वाट बघू नको."

सई ही आमची मुलगी. एडिनबराच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते. शनिवारी यायचं तिचं ठरलेलं होतं. मी फोन केला. ती म्हणाली, "आई, डॉक्टर काय म्हणाली, exactly?" मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते सोड, मी काय बघितलं ते ऐक. ती सोमवारी संध्याकाळच्या ट्रेनमध्ये बसली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार तिला मिळाले. त्या तीन दिवसांत ती त्याच्या पलंगाला खुर्ची लावून बसली होती. तिनं त्याची दाढी केली, तिच्या मोडक्या मराठीत त्याला काय काय विचारलं, त्यानं कोल्हापूरच्या गमती सांगितल्या, ज्यातल्या अर्ध्या मीही ऐकलेल्या नव्हत्या. काही वेळा मला बाहेर पाठवलं. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. गुरुवारी दुपारी त्यानं मला विचारलं, पोरगी कशी दिसतीया? मी म्हटलं, डोळे सुजलेत, केस धुतलेले नाहीत, आणि आत्ता हे ऐकून हसते आहे. त्यानं मान हलवली. शुक्रवारी पहाटे तो गेला.

लोक मला विचारतात, त्या वर्षी तू कसं निभावलंस? त्यांना वाटतं, ते वर्ष कठीण होतं. कठीण होतंच, पण मागे वळून बघताना मनात येतात ते आभारच. ते कुणाचे मानायचे, हे ठरवता येत नाही. फोनवर फुकट सीट देणाऱ्या बाईंचे. टेरीचे. त्या नऊ नंबरचे तर खासच, कारण त्यानं डिसेंबरातला तो चेंडू जाळ्यात मारला असता, तर मला खोटं बोलायची वेळ आली नसती, राउंडअबाउटवरचं ते बोलणं झालं नसतं, आणि फेब्रुवारीत मी रणजितला बरं वाटेल असं काहीतरी सांगितलं असतं. सई शनिवारी आली असती. तो पोरगा आता दुसऱ्या देशात खेळतो, असं टेरी सांगतो. त्याला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही.

मी स्वतः पैसे भरून सीझन तिकीट काढलं आहे. क्लब खालच्या विभागात आहे. शेजारच्या सीटवर या वर्षी एक कॉलेजातली मुलगी येते. आमची अजून ओळख नाही. सामना संपला की मी घरी येते आणि सईला फोन करून काय दिसलं ते सांगते. ती ऐकते. मध्येच थांबवून विचारते, "आई, real मध्ये असंच झालं ना?" असंच झालेलं असतं.